अंगणातली चालू गाडी

रविवारी सकाळी दहा वाजता मी गाडी चालू करायचे आणि कुठेही जायचे नाही. कितीतरी वर्षं हा माझा ठरलेला कार्यक्रम होता. आंघोळ, देवपूजा, बाजारातून आणलेले मासे साफ करणं, एवढं उरकलं की हात लिंबाने घासून धुवायचे, खुंटीवरची किल्ली घ्यायची, गाडीवरचं कव्हर काढायचं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन चालू करायचं. दहा-पंधरा मिनिटं तशीच बसून राहायचे. मग बंद करायचं, कव्हर घालायचं आणि सार टाकायला आत जायचं. मला गाडी चालवता येत नव्हती.

माझे यजमान बोटीवर होते, इंजिन-रूममध्ये. बोट म्हणजे मच्छीमारी नव्हे, मालाची मोठी जहाजं. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर, उरलेले घरी. गाडी त्यांनी हौसेने घेतली आणि पहिल्याच जॉइनिंगला निघताना मला सांगून गेले की उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आठवड्यातून एकदा चालू करत जा. रविवारी दहाला कर, म्हणजे विसरणार नाहीस. आयुष्यभर इंजिनाशी बोललेला माणूस, त्याच्याशी बॅटरीवरून कोण वाद घालणार? आमच्या मांडवीत बोटीवर जाणाऱ्यांची घरं काही कमी नाहीत. रविवारी सकाळी एखाद्या दगडी गडग्याआड इंजिनाची घरघर ऐकू आली आणि फाटक मात्र बंदच दिसलं, तर ओळखावं की या घरचा पुरुष पाण्यावर आहे.

गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण त्या काळात आळीत दर तिसऱ्या घरी तेच मॉडेल होतं आणि सगळ्यांना वाटायचं की आपणच निवडलंय. माडाखालून जरा बाजूला, नारळ पडणार नाही अशा बेताने ती उभी असायची. खारा वारा पत्रा खातो म्हणून जाड कव्हर. मी दार लावून काचा वर केल्या की समुद्राचा आवाज बंद व्हायचा आणि इंजिनाचा तेवढा उरायचा. स्टिअरिंगवर हात ठेवला की ती बारीक थरथर कोपरापर्यंत यायची. मागच्या खेपेला त्यांनी काढून ठेवलेला चष्म्याचा रिकामा डबा समोर तसाच असायचा. त्याला मी हात लावत नसे.

आणि मग मी निघायचे. बहुतेक वेळा बुरोंडीला, कारण माझी नणंद तिथे दिलेली आहे आणि तिच्या हातचं बोंबलांचं कालवण मला फार आवडतं. भाट्याच्या बाजूला पाठ करायची, आरे-वारेचा चढ चढायचा, डाव्या हाताला समुद्र, गणपतीपुळ्याला चालत्या गाडीतूनच नमस्कार, मग जयगड. वळणं मला पाठ होती, कारण इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून मी दुसरं काय करत होते? क्लच दाबायचे, गिअरच्या दांड्यावर नुसता हात ठेवायचे, वळणावर हॉर्नसुद्धा मनातल्या मनात वाजवायचे. अडायचे ती जयगडला. तिथे गाडी फेरीबोटीवर चढवली की इंजिन बंद करावं लागतं, तसा नियमच आहे. आणि मला तर गाडी चालू ठेवायची होती. त्यामुळे त्या सगळ्या वर्षांत मी खाडी ओलांडून पलीकडे तवसाळला कधी पोचलेच नाही. हसू नका, मला खरंच दर वेळी तिथे थांबल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या वहिनी गडग्यावरून डोकावायच्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण माझ्या गाडीची काळजी होती.

"पोचलीस काय गो कुठे?"

मी सांगायचे, आज जयगडपर्यंत. त्या म्हणायच्या, मग येताना बांगडे घेऊन ये. हे बोलणं इतक्या वेळा झालं की त्यांच्या सुनेला वाटायचं मला खरंच गाडी येते.

यायला हवी होती, हेही खरं. दर सुट्टीला हे म्हणायचे की या खेपेला तुला शिकवतो. मग सुट्टीत गणपती यायचे, भावकीतली लग्नं यायची, कौलं चाळून घ्यायची असायची, आणि बघता बघता कंपनीचा फोन यायचा. गाडी ते चालवायचे, मी डावीकडे. त्यांचा डावा कान इंजिनाच्या आवाजाने हळूहळू गेला होता, तो नेमका माझ्या बाजूला. त्यामुळे गाडीत आमचं बोलणं असं व्हायचंच नाही. मी काही म्हटलं की ते "हां" म्हणायचे, आणि ते "हां" कशाचं होतं हे आरेचा चढ संपला तरी कळायचं नाही.

गेल्या वर्षी ते कायमचे घरी आले. बॅग माळ्यावर टाकली आणि म्हणाले, आता पुरे. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी देवापुढे पेढे ठेवले आणि कारण कुणाला सांगितलं नाही. ते घरी आल्यावर रविवारचं माझं कामही गेलं. गाडी रोजच बाहेर निघायला लागली. मासे आणायला गाडी, किल्ल्यावर देवीला गाडी, कोपऱ्यावर दाढीला जायचं तरी गाडी. आणि मग पेट्रोलचा भाव त्यांच्या नजरेत भरला. बोटीवर टनाने तेल जाळलेला माणूस, पण स्वतःच्या खिशातलं पेट्रोल जळायला लागलं की वेगळंच वाटतं.

संध्याकाळी जेट्टीवर निवृत्त मंडळींची बैठक असते. तिथे राजकारण संपलं की गाड्या सुरू होतात. कुणी म्हणे सीएनजी घ्या, पेट्रोलच्या निम्म्यात काम होतं, पण डिकीत टाकी बसते, आंब्याच्या पेट्या ठेवणार कुठे? कुणी म्हणे गॅसच्या पंपावर रांग बघितलीत का, सकाळी गेलेला जेवायला घरी येत नाही. कुणी हायब्रिडचं कौतुक सांगे, कुणाच्या जावयाने इलेक्ट्रिक घेतली होती तो म्हणे चालवायला चिल्लर लागते, पण घ्यायला घर विकावं लागतं. पुण्याहून आमची लेक फोनवर किलोमीटरचा हिशेब सांगायची. हे सगळं ऐकून यजमान घरी यायचे आणि मला जसंच्या तसं सांगायचे, म्हणजे गाड्यांची नावं मला माझ्या भाच्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ झाली.

एके दिवशी नुसती बघून तर येऊ म्हणून आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या मुलीने इलेक्ट्रिक गाडीची एक फेरी मारून आणायला सांगितलं. हे स्टिअरिंगवर बसले, बटण दाबलं आणि वाट बघत राहिले. मग खाली उतरले, पुढे जाऊन बॉनेटवर तळवा टेकवला. कान गेल्यापासून इंजिन चालू आहे की नाही हे ते असंच बघतात. तळव्याला काहीच लागेना. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "चालू झाली?" ती म्हणाली, केव्हाच.

आणि मग ती गाडी निघाली. काय सांगू! रस्ता आपणहून मागे सरकावा तशी. आवाज नाही, थरथर नाही. काच खाली होती तर कुंपणावरच्या पक्ष्यांचा आवाज गाडीत येत होता. मी डोळे मिटले आणि मला एकदम पोफळी आठवली.

माझं लहानपण पोफळीचं. वडील वीजघरात होते, कंट्रोल रूमला. कॉलनीतून त्यांची बस निघायची आणि डोंगराच्या पोटात बोगद्यात शिरायची. वर डोंगर, आत मशिनं, आणि आम्ही मुलं बाहेर त्या बोगद्याच्या तोंडाकडे बघत उभी. वडिलांनी जन्मात स्वतःची गाडी घेतली नाही. सायकलसुद्धा नाही. एसटी आणि प्रकल्पाची बस. पण संध्याकाळी पायरीवर बसले की खाली चिपळूणच्या बाजूला आभाळात उजेडाचा पट्टा धरायचा, तो बघून ते म्हणायचे, आता लोड चढला. म्हणजे घराघरांत दिवे लागले, पंखे फिरले, आणि डोंगरातलं मशीन तेवढं जड झालं. मला लहानपणी वाटायचं, कुणी कुठेही बटण दाबलं की माझ्या वडिलांना कळतं. ते गेल्यावरसुद्धा मला कधीकधी दिवा लावताना तसं वाटतं. वेडेपणा आहे, मला माहीत आहे.

घरी परतल्यावर मी यांना ते सांगितलं. उजव्या कानाशी बसून, नीट. म्हटलं, ही गाडी घेतली तर ती बाबांच्या विजेवर चालेल. ते हसले. म्हणाले की तारेत शिरली की वीज कुणा एका गावची राहत नाही, पोफळीची कुठली नि चंद्रपूरची कुठली, सगळी एक होते. मी म्हटलं, असू दे. आपण चार्जिंगला लावली की तिथल्या मशीनला जरासा का होईना लोड येईलच ना. मग ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत बसले.

तिथेच मी चुकले. बोटीवाल्याच्या घरात हौस बोलून दाखवायची नसते. आमच्याकडे वस्तूची किंमत कधी रुपयांत सांगत नाहीत, काँट्रॅक्टात सांगतात. काँट्रॅक्ट म्हणजे बोटीवरची एक फेरी. वरचा स्लॅब दोन काँट्रॅक्टचा. लेकीचं शिक्षण तीन. विहिरीवरचा पंप आणि न्हाणीघर मिळून अर्धं. ही अंगणातली गाडी एक. माझ्या तोंडून काही निघालं की त्यांच्या डोक्यात त्याचे महिने होतात, आणि ही सवय घरी बसल्याने जात नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काही दिवसांनी मी वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले, तर दोरीवर माळ्यावरची बॅग उलटी टांगलेली. उन्हाला. चेन उघडी, आतली बुरशी पुसलेली. मी तशीच उभी राहिले. कपडे काढायचे होते तेही विसरले.

त्यांनी सगळं केलं होतं. एजंटला फोन, मुंबईला जाऊन मेडिकल, त्यात कानाचं कसं निभावलं देव जाणे. मला सांगितलं होतं की मित्राच्या मुलाच्या साखरपुड्याला जातोय. विचारल्यावर लपवलं मात्र नाही. म्हणाले, एकच काँट्रॅक्ट, आठ-नऊ महिने, येताना थेट इलेक्ट्रिक गाडी घरात. सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला रागावताही येईना, आणि राग तर डोक्यापर्यंत आला होता. मी म्हटलं, मला नको. ते म्हणाले, तुला हवी आहे, मी बघितलंय तुझं तोंड. हवी तर होतीच.

ते दिवस फार विचित्र गेले. घरात कुणी भांडत नव्हतं. मी लाडू वळत होते, त्यांचे बनियन मोजून ठेवत होते, आणि हात आपोआप चालले होते. आधीच्या जाण्यांना मी रडले नव्हते असं नाही, पण तेव्हा वय होतं. आता जिना उतरताना ते कठड्याला धरतात, आणि बोटीवर इंजिन-रूमच्या शिड्या किती उभ्या असतात हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे. उरलेल्या वर्षांतलं एक अख्खं वर्ष मी गाडीसाठी देऊन टाकणार होते. माझ्या वडिलांच्या नावाने. हे मनात आलं की पोफळीसुद्धा गोड वाटेनाशी व्हायची.

जायच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले, चल, गाडी चालू कर, तुझी सवय मोडली नाही ना बघू. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ते पलीकडून आले आणि डाव्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर कधी बसलेच नव्हते, त्यांनाच सीट मागेपुढे करता येईना. मी इंजिन चालू केलं. आता त्यांचा चांगला कान माझ्याकडे होता.

मग मी विचारलं, पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक आली की रविवारी चालू करायला काही असणार नाही, मग मी दहाला काय करू? मी चिडून विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.

मग हात पुढे करून त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"बॅटरीचं काय गो, एक वायर काढून ठेवली असती तरी चाललं असतं. पाना फिरवला की काम झालं."

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

"इंजिनावरच्या माणसाला एवढं माहीत नसेल?" ते म्हणाले. "पण मग रविवारी दहाला तू कुठे आहेस ते मला कसं कळलं असतं? बाकी सगळा आठवडा मला काय माहीत नसायचं. तेवढा वेळ माहीत असायचं."

बोटीवर त्यांच्याकडे दोन घड्याळं असायची. एक जहाजाच्या वेळेचं, ते जिथे असतील तिथलं, आणि एक घरच्या वेळेचं. मी ते दुसरं घड्याळ दर खेपेला पुसून बॅगेत ठेवलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं की ते कशाला लागतं. पुढे बोटीवर इंटरनेट आलं, व्हिडिओ कॉल आले, तरी त्यांनी कधी मला रविवारी दहाला फोन केला नव्हता. मला वाटायचं त्यांची वॉच असेल, म्हणजे इंजिन-रूममधली पाळी.

मला रडू आलं. अगदी लहान मुलासारखं, नाक ओढत. शेजारच्या वहिनी गडग्यावर आल्या होत्या, त्या काही न विचारता खाली गेल्या. मग मी डोळे पुसले आणि सांगितलं.

"मला ती गाडी नको. बाबांची वीज घरात येतेच आहे, दिव्याला, पंख्याला, तेवढी पुरे. रविवारी दहाला तुम्ही कुठे आहात ते आता मला माहीत असायला हवं."

त्यांनी "हां" म्हटलं नाही. खाली उतरले, मागच्या दारी जाऊन बॅग दोरीवरून काढली आणि माळ्यावर टाकली. एजंटला फोन दुसऱ्या दिवशी केला. तिकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं, कारण त्यांनी फोन मुद्दाम डाव्या कानाला धरला होता.

जुन्या गाडीलाच गॅसचं किट बसवून घेतलं. डिकी गेली. आंब्याच्या पेट्या आता मागच्या सीटवर बसून जातात, पाहुण्यांसारख्या. किट बसवणाऱ्याने सांगितलं की गाडी चालू पेट्रोलवर होते आणि थोडं पुढे गेल्यावर आपोआप गॅसवर जाते, तेव्हा टक असा आवाज येतो. तो यांना ऐकू येत नाही. मी सांगते, आली गॅसवर.

आणि रांगेचं म्हणाल तर जेट्टीवरची मंडळी खोटं बोलत नव्हती. हायवेकडच्या पंपावर गॅसचा टँकर आला की रिक्षा, टेम्पो, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे उभे. पुढून कुणीतरी येतं आणि सांगतं, प्रेशर नाही, गॅस चढत नाही. मग सगळे उतरतात, चहा पितात, सरकारला नावं ठेवतात. पहिल्या वेळी हे वैतागले. बोटीवर बंदराबाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस थांबलेला माणूस, पण पंपावर अर्धा तास धीर निघेना. मी म्हटलं, गॅस स्वस्त आहे तो काय उगीच? बाकीचे पैसे ते वेळात घेतात. आणि वेळ आपल्याकडे आहे.

मला शिकायला जागा तिथेच मिळाली. परवाना काढला, शिकाऊ. मागच्या काचेवर लाल अक्षर लावलं, जे बघून वहिनी म्हणाल्या, इतकी वर्षं मग काय करत होतीस? घरापासून पंपापर्यंत हे चालवतात, आणि रांगेच्या शेपटीला लागलो की आम्ही जागा बदलतो. रांगेत कुणी हॉर्न मारत नाही, कुणाला घाई करून उपयोग नसतो. एक गाडी भरून गेली की सगळ्यांनी एकेका गाडीएवढं पुढे सरकायचं. क्लच, पहिला गिअर, जरासं पुढे, ब्रेक. पहिल्या दिवशी चार वेळा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने खाली उतरून मला सांगितलं की ताई, आरामात.

कालचा रविवार तसाच होता. उन्हं चढत होती, रांग पंपाच्या बाहेर रस्त्यापर्यंत आली होती आणि पुढून निरोप आला होता की प्रेशर नाही, थांबावं लागेल. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. मीही केलं. एकदम शांत झालं, त्या शोरूमच्या गाडीत झालं होतं तसं, आणि रस्त्याकडेच्या झाडीतून पक्ष्यांचा आवाज यायला लागला. मला वाटलं, गाडी जयगडला फेरीबोटीवर चढली आहे आणि या वेळी मी इंजिन बंद करू शकले आहे. मी तसं यांना सांगितलं. चांगला कान माझ्याकडे होता, त्यांनी सगळं ऐकलं, आणि मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. ते घरच्या वेळेचंच घड्याळ आहे, दुसरं त्यांनी कपाटात ठेवून दिलं आहे. दहा वाजून गेले होते. त्यांनी ते मला दाखवलं.

पुढची रिक्षा सरकली.

"घे पुढे," ते म्हणाले, आणि मी गाडी चालू करून पुढे घेतली.